लोणच्याच्या बरणीतला पांढरा सरस

वहिनी, दवाखान्यात मी तुझ्या कॉटशी बसलो होतो. तुला बोलायचे कष्ट होत होते आणि पेशंटला बोलतं करू नका म्हणून नर्सबाई मला दटावून गेली होती. तू डोळे उघडलेस. मला वाटलं, आता काहीतरी निरवानिरव करणार. मी कान जवळ नेला. तू विचारलंस, "नाना, बरणीवर फडकं बांधं ना?"

बांधलं होतं, वहिनी. अगदी तुझ्या पद्धतीनं ओलं करून, पिळून, दोन वेढे देऊन बांधलं होतं. तसं मी सांगितलंही. तरी तू माझ्याकडे त्या संशयी नजरेनं पाहिलंसच. ज्या माणसाला आपण इतकी वर्षं सुतारकाम करताना पाहिलं त्याला एक गाठ मारता येत असेल, एवढाही विश्वास तुझा माझ्यावर नव्हता. मला हसू आलं आणि लगेच उठून बाहेर व्हरांड्यात जावं लागलं. आज तुला जाऊन आठवडाही झालेला नाही, आणि माझं सगळं बोलणं अजून तुझ्याशीच चालू आहे. म्हणून म्हटलं, लिहूनच काढू.

'तू'च लिहितो. आपल्याकडे वहिनीला अहोजाहो करत नाहीत, आणि केलं असतं तर तूच म्हणाली असतीस की नानाला ताप चढला. माझं लिहिणं पुस्तकी होतं म्हणून तू चिडवायचीस. ते मात्र आता चालवून घे.

तू शिंदखेड्याहून आमच्या घरी आलीस तेव्हा जळगावातला आमचा कारखाना जोरात होता. कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याची लांब शेड, त्यात आबा, थोरला भाऊ आणि मी. कपाटं, पलंग, दारं-खिडक्या, लग्नसराईत पाट आणि चौरंग. घर आणि शेड यांच्यामध्ये एकच दार, आणि त्या दाराबद्दल आबांचा कायदा पक्का होता. बायकांनी चहा उंबऱ्यावर ठेवायचा आणि परत जायचं. "कारखानामा बाईमाणूस नको," एवढंच ते म्हणायचे. कारण कधी सांगत नसत. आबांना कारण विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

मग भाऊ गेला. तापाचं निमित्त झालं आणि हां हां म्हणता माणूस हातचा गेला. मूलबाळ नव्हतं. त्याविषयी मी इथे फार लिहिणार नाही. तुलाही त्याविषयी बोललेलं आवडत नसे. वर्षश्राद्ध झालं आणि घरात एक कुजबुज सुरू झाली, की आता हिला माहेरी पाठवावं, इथे राहून हिनं करायचं काय. तुझा दादा शिंदखेड्याहून दोनदा येऊन गेला. बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता. दोन्ही वेळा तू काहीतरी सबब काढलीस. एकदा उडदाचे पापड लाटायचे राहिलेत म्हणालीस, एकदा माझ्या बायकोचं बाळंतपण जवळ आलंय म्हणालीस. तुला जायचं नव्हतं हे आंधळ्यालाही दिसत होतं. तिथे तू भावाच्या घरातली एक आश्रित झाली असतीस, आणि इथेही तू नेमकी कोण हे कुणाला सांगता येत नव्हतं. आबा म्हणाले, या आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, दादा येईल तेव्हा हिचं सामान बरोबरच देऊ. एरवी आखाजीला सासुरवाशीण चार दिवस माहेरी जाते. तुझं जाणं कायमचं ठरलं होतं.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाला शेठजींचं काम आलं. त्यांचं कापडाचं दुकान, घराणं मूळ राजस्थानातलं, जैन. घरातल्या घरात देवाचं मंदिर हवं होतं, सागवानी, कोरीव खांब, वर शिखर. शेठजी शेडमध्ये उभे राहून आबांना म्हणाले, "देखो मिस्त्री, भगवान का काम है. तुमचा तो जनावराचा सरस याला एक टिपका पण लागला नाही पाहिजे."

आबा विचारात पडले. सुताराचा सरस चामड्याचाच. वड्या भिजत घालायच्या, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद आंचेवर शिजवायच्या, आणि त्या वासात दिवस काढायचा. आबांनी जन्मभर दुसरा सरस वापरला नव्हता. शेठजी म्हणाले, मुंबईहून नवीन पांढरा माल येतो, तो मी मागवतो. आणि खरंच डबा आला. झाकण काढून आम्ही तिघं, म्हणजे आबा, मी आणि स्वतः शेठजी, आत डोकावलो. घट्ट दुधासारखं पांढरंशुभ्र. वास म्हणशील तर जवळजवळ नाहीच. आबा म्हणाले, "हाई लाकूड कसं धरी?" पण धरत होतं. चांगलं धरत होतं.

पहिल्या डब्याचं काय झालं ते तू लोकांना इतक्या वेळा रंगवून सांगितलंस, की मी थोडक्यात आटोपतो. खानदेशातला उन्हाळा, वर पत्रे. तुमचे ज्वारीचे बिबडे सकाळी घातले की दुपारी कडकडीत वाळायचे, तशीच त्या डब्याची गत. वर जाड साय धरली आणि खाली खीर झाली. आबांनी तेच केलं जे सरस घट्ट झाल्यावर त्यांच्या बापानं आणि आज्यानं केलं असतं. त्यात पाणी ओतलं आणि डबा शेगडीवर चढवला. जुना सरस असा शंभर वेळा ठिकाणावर येतो. या नव्याच्या मात्र गुठळ्या झाल्या, गुठळ्यांचा गोळा झाला, आणि पाणी वेगळं सुटलं. आबा पळीनं ढवळत होते. तेवढ्यात उंबऱ्यापलीकडून तुझा आवाज आला, "नाना, आबास्ले सांगा, हाई दूध नासनं. आते ढवळीसन काय उपेग?"

सासऱ्याशी तू तोवर कधी थेट बोलली नव्हतीस. तेव्हाही बोललीस ते माझ्या नावावर. आबांनी शेगडीवरून डबा उतरवला आणि परसात नेऊन ओतून दिला.

दुसरा डबा शेठजींनी कुरकुर न करता मागवून दिला, पण बजावलं की आता पुन्हा मागवायला वेळ नाही, मुहूर्त धरलाय. आबांनी काम उरकायचा सपाटा लावला. आणि मध्येच अमावास्या आली.

आपल्या लोकांत अमावास्येला हत्यार बंद. करवत, रंधा, पटाशी, कशालाही हात लावायचा नाही. शेडच्या दाराला कडी. डबा आत, वर सूर्य. सकाळी मी विहिरीवरून येतो तो तू अंगणात उभी, पदर खोचलेला आणि हातात तुझी लोणच्याची बरणी. माहेरहून आलेली चिनीमातीची, पिवळ्या खांद्याची. कैऱ्या यायच्या होत्या, म्हणून रिकामी होती. तू मला म्हणालीस डबा बाहेर आणा. मी म्हटलं, वहिनी, आज अमावास्या. ओसरीवर आबा माळ ओढत बसले होते. त्यांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तू मला म्हणालीस, "हत्यारले हात लावाना नही, हाई बरोबर शे. पण हाई हत्यार थोडंच शे? हाई ते लोणचं शे. लोणचाले कसानी अमावस्या?"

आबांची माळ थांबली. आबा काही बोलले नाहीत. आपल्या घरात आबा काही बोलले नाहीत म्हणजे चालतं, एवढं तू तोवर शिकली होतीस. मी कडी काढली.

त्या दिवशी तू जे केलंस ते लोणच्यावरूनच केलंस, हे मला आता कळतं. बरणी कोरडी करून तीत सगळा पांढरा सरस काढलास. डब्याच्या कडेला तांबूस गंज धरला होता, तेवढा सरस बाजूला टाकलास. वर बोटभरही नाही, जेमतेम झाकेल इतकं पाणी हलक्या हातानं सोडलंस, जसा लोणच्यावर तेलाचा तवंग ठेवतात तसं. बरणीचं तोंड पुसलंस. ओलं फडकं, त्यावर झाकण. आणि बरणी नेऊन ठेवलीस माठाखालच्या ओल्या वाळूत. माझी बायको घाबरली, की पिण्याच्या पाण्याशी सुतारकामाची वस्तू! तू म्हणालीस, शेठजींच्या देवाला चालते तर आपल्या माठाला का नाही चालणार.

आणि मग तुझे नियम. पहाटेच्या गारव्यात लागेल तेवढं वाटीत काढून द्यायचीस आणि वाटी उंबऱ्यावर ठेवायचीस. बरणीत ब्रश घालायचा नाही. वाटीत उरलेलं परत बरणीत ओतायचं नाही, का, तर ते उष्टं. मी एकदा उरलेला सरस परत ओतायला आलो तर तू बरणीवर हात ठेवून उभी राहिलीस. "जेवता जेवता उष्टा हात लोणचामा घालतस का तुम्ही?" मी म्हटलं, वहिनी, हे लाकडाला लागलेलं आहे, तोंडाला नाही. तू म्हणालीस, लाकडालाही तोंड असतं आणि भुसा त्याच्याच तोंडचा. यावर वाद घालायला मी तुझ्यापेक्षा हुशार असायला हवा होतो.

खरं सांगतो वहिनी, तेव्हा मला राग यायचा. आता विचार करतो तेव्हा नवल वाटतं. तुझ्या बरणीतला सरस शेवटच्या थेंबापर्यंत पहिल्या दिवसासारखा होता. चैत्र-वैशाखाच्या त्या उन्हात, जिथे मडक्यातलं पाणीसुद्धा दुपारी कोमट व्हायचं. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. नवी वस्तू समोर आली आणि तू तिला ओळखीच्या घरात नेऊन बसवलंस.

शिखर बसवायचा दिवस मला अजून तसाच दिसतो. बारा तुकडे एकदम जुळवून चेपायचे होते, माझे आणि आबांचे दोघांचेही हात गुंतलेले. आतून गरजेप्रमाणे सरस आणून द्यायला शेडमध्ये तिसरं कुणी नव्हतं, आणि वाटीतला संपत आला होता. जास्त वेळ लागला तर धरलेले सांधे वाळणार. आबांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा तुला सरळ हाक मारली. "सून, बरणी आठे ली ये."

तू बरणी कडेवर घेऊन आत आलीस. भुश्यात तुझे पाय उमटले. डोक्यावरचा पदर एका हातानं सावरत दुसऱ्या हातानं तू वाटी भरत होतीस, आणि आबा शिखरावरची नजर न काढता हात पुढे करत होते. काम संपल्यावर तू भुश्यातून तशीच परत गेलीस आणि मी पाहिलं, की उंबरा ओलांडताना तू किंचित थांबलीस.

आखाजीला दादा आला. तुझी पेटी भरून ओसरीवर ठेवलेली. तो म्हणाला, "आबा, मी बहिणले लेवाले उनू." तू आतून म्हणालीस, "दादा, मी गयी ते बरणी कोण देखी?" तुझा आवाज कापत होता. तो आवाज तसा कापताना मी त्याआधी किंवा नंतर कधी ऐकला नाही. आबांनी मिशी कुरवाळली. मग दादाला म्हणाले, "आखाजीले ली जा. चार दिन ऱ्हाऊ दे. मंग परत आणी सोड. आठे तिन्हं काम शे."

पेटी परत आत गेली. तू एक पिशवी घेऊन एस.टी.त बसलीस. चार दिवसांनी परत आलीस ती थेट माठाशी गेलीस, आणि आल्या आल्या मला बोलणी बसली, की फडकं सुकलं होतं.

त्यानंतरची वर्षं आपण दोघांनी भांडण्यात घालवली. शेडच्या दाराशी तुझी जागा झाली. आधी बरणीपुरती, मग पॉलिशच्या बाटल्या, मग रंग. गल्लीतले लोक तुला सरसवाल्या अक्का म्हणू लागले. सायकलवाल्याची रबर सोल्यूशनची डबी सुकली की तो तुझ्याकडे यायचा आणि तू त्याला झाकण पुसायला शिकवायचीस. दुष्काळाच्या सालात नळाला पाणी येईना, तेव्हा आबा म्हणाले, माणसांना पाणी नाही, बरणीला कुठून. असोद्याहून केळी घेऊन येणाऱ्या बाईकडून केळीचं पान मागून घेतलंस, बरणीच्या तोंडाएवढं गोल कापलंस आणि सरसावर अलगद टेकवलंस. पान चिकटेना आणि साय धरेना. मी मनातल्या मनात तुला नमस्कार केला होता, वहिनी. तोंडानं म्हटलं, केळीची पानं फुकट का मिळतात. असंच आपलं चालायचं.

आपला मोठा वाद मात्र मिटायचा राहिला. मी जुन्या सरसाचा माणूस. मी म्हणायचो, "वहिनी, मना सरस शंभर खेप मरस आन शंभर खेप जित्ता व्हस. तुन्हा एकदा वाळना का गया." तू म्हणायचीस, "म्हणीसनच त्याले जपना पडस." शेवटी पैज लागली. मी एक पाट जुन्या सरसानं जोडला, तू माझ्याच हातून दुसरा पांढऱ्यानं जोडून घेतलास, आणि ज्याचा सांधा आधी उघडेल तो हरला. दोन्ही पाट स्वयंपाकघरात आहेत. दोन्हींवर आम्ही रोज जेवतो आणि एकाचाही सांधा हललेला नाही. तू गेलीस म्हणून मी जिंकलो असं म्हणायला मी तयार नाही. पैज चालू आहे.

दुसरा वाद तुझा आणि आबांचा, आणि त्याच्यात मी कधी पडलो नाही. दसऱ्याला शेडमध्ये सगळी हत्यारं मांडून पूजा व्हायची. माझा रंधा, आबांची करवत, भाऊचीसुद्धा पटाशी आबा दरवर्षी न विसरता मांडत. तू एका दसऱ्याला बरणी घासूनपुसून आणलीस. आबांनी हळदकुंकवाचं ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, "तूच सांगेल शे ना, हाई लोणचं शे म्हणीसन? मंग लोणचानी कोणी पूजा करस का?"

घरात सगळे हसले. तूही हसलीस. आपलाच शब्द आपल्या गळ्यात आला म्हणून टाळीसुद्धा दिलीस माझ्या बायकोला. पण बरणी परत नेताना तुझा चेहरा मी पाहिला. पुढच्या दसऱ्याला तू पुन्हा आणलीस, पुन्हा तेच उत्तर. मग दरवर्षीचा तो खेळच झाला. तुला पूजेचं काही नव्हतं, मला ठाऊक आहे. देवाधर्माची तुला फारशी ओढ नव्हती. तुला एवढंच हवं होतं, की या घरात भाऊची बायको म्हणून नव्हे, तर कामाची म्हणून आपली मोजदाद व्हावी. आणि ती आबांनी करावी. माझ्या कौतुकानं तुझं भागलं नसतं, म्हणून मीही कधी ते तोंडावर केलं नाही. आता वाटतं, करून पाहायला हरकत नव्हती.

आबा तसे वाईट नव्हते. तुझ्या ताटात पहिली भाकरी पडली का हे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायचे. पण कौतुकाचा शब्द काढायचा म्हटला की त्यांच्या घशात लाकूड अडकायचं. तुझ्या आजारपणात ते दवाखान्यात आले नाहीत. गुडघे चालत नाहीत म्हणाले. मला त्यांचा राग आला होता, हे आता सांगून टाकतो.

तुला पोहोचवून आलो आणि दुसऱ्या दिवसापासून माणसं दारावर येऊ लागली. आपल्याकडे बाई गेली की दारावर आलेली माणसं घराच्या ओसरीवर बसतात. मिस्त्री गेला तर शेडमध्ये बसतात, कामाच्या जागी, आणि तेराव्यापर्यंत तिथे लाकडाला हात लावत नाहीत. भाऊ गेला तेव्हा तसंच झालं होतं. मी ओसरी झाडून घेतली, सतरंजी आणायला आत गेलो, तर सतरंजी जागेवर नाही.

शेडमध्ये आवाज आला म्हणून पाहिलं. आबा तिथे होते. गुडघे न चालणारा तो म्हातारा सतरंजीचं एक टोक धरून ती भुश्यावर ओढत पसरत होता. रंधे, करवती, सगळं त्यांनी आवरून भिंतीशी लावलं होतं. मी म्हटलं, "आबा, लोक ओसरीवर बसतील." त्यांनी ऐकलं नाहीसं केलं. तेवढ्यात लाकूडबाजारातले पाच-सहा मिस्त्री आले. ओसरीकडे वळत होते, तर आबांनी त्यांना शेडमधून हाक मारली. सगळे जरा घोटाळले. त्यांच्यातला एक वयानं मोठा होता, तो हलक्या आवाजात म्हणाला, "आबा, सून गयी ना तुमनी? मंग आठे कसाले?"

आबा सतरंजीच्या काठावर बसले होते. मान वर न करता म्हणाले, "सून गयी, तिन्हा दुखवटा घरमा शे. तठे बाया बठेल शेतस. आठे आपला मिस्तरी गयेल शे. बसा."

सगळे एकेक करून चपला काढून आत आले आणि बसले. कारखाना तेराव्यापर्यंत बंद आहे, वहिनी. आबा रोज सकाळी तिथेच जाऊन बसतात. त्यांनी हे तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं. ते काही झालं नाही. निदान तुला कळावं, एवढ्यासाठी हे लिहिलं.